रक्त देणारा, रक्त घेणारा आणि दोघांची घरे



ईद-ए-मिलाद किंवा मोहरमच्या निमित्ताने रक्तदान शिबिर भरविण्याची चांगली प्रथा महाराष्ट्रात अनेक ठिकाणी रुजली आहे. शिबिराचा फलक लागला की तरुण मुले उत्साहाने नावे देतात, आणि त्याच रात्री घरोघरी कुरबुर सुरू होते. 'सुई टोचून घेऊ नकोस, एड्स लागेल,' असे आई म्हणते. 'तुला कावीळ होऊन गेली आहे, तू कशाला जातोस?' असे आजी विचारते. या दोघींपैकी आजीचे बोलणे अधिक शास्त्रीय आहे. त्याकडे पुढे येऊच. आईच्या भीतीचे उत्तर मात्र आधीच देऊन टाकतो. मान्यताप्राप्त रक्तपेढीत सुई आणि पिशवी नवी, निर्जंतुक आणि एकदाच वापरायची असते. रक्त आपल्या अंगातून बाहेर जाते, बाहेरचे काही आत येत नाही. रक्त दिल्याने एड्स होत नाही.

परंतु आईच्या भीतीला हसू नका. ती आकाशातून पडलेली नाही. तिच्यामागे आपल्याच राज्यात घडलेला इतिहास आहे.

१९८९ साली पुण्यातील संशोधकांचा एक छोटा लेख 'लॅन्सेट' या प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. पुण्यातील ज्या गरीब माणसांनी पैशासाठी आपल्या रक्तातील द्रव विकण्याचा धंदा पत्करला होता, त्यांच्यात एचआयव्हीची साथ उसळल्याचे त्यात नोंदविलेले होते. हा व्यवहार कसा चालतो ते समजून घ्या. दात्याचे रक्त काढून त्यातला पिवळसर द्रव वेगळा करतात आणि उरलेल्या तांबड्या पेशी त्याच्या अंगात परत सोडतात. पेशी परत मिळाल्यामुळे माणसाला अशक्तपणा कमी येतो आणि तो थोड्याच दिवसांनी पुन्हा रांगेत उभा राहू शकतो. मात्र या परतीच्या वाटेवर साधनांच्या स्वच्छतेत हयगय झाली, की एकाचा रोग दुसऱ्याच्या अंगात जातो. पुढे १९९०च्या दशकात चीनच्या हेनान प्रांतात हेच घडले. रक्तद्रव विकणाऱ्या शेतकऱ्यांची गावेच्या गावे त्यात सापडली. म्हणजे रक्त 'दिल्याने' रोग झाल्याची उदाहरणे आहेत, पण ती रक्ताच्या बाजारातली आहेत. दान आणि विक्री यांतला हा फरक वाचकांनी मनात पक्का ठेवावा, कारण पुढची सारी हकीकत त्याभोवतीच फिरते.

आता या विषाणूच्या कुळाविषयी थोडेसे. १९११ साली अमेरिकेत पेटन राउस यांनी कोंबडीच्या गाठीतला रस गाळून दुसऱ्या कोंबडीला टोचला, तेव्हा तिलाही तशीच गाठ झाली. या कामाबद्दल त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले ते १९६६ साली, पंचावन्न वर्षांनी! पुढे १९७०मध्ये हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी, स्वतंत्रपणे काम करून, या जातीच्या विषाणूंचे गुपित उघड केले. सजीवांत मूळ लेख डीएनएचा असतो आणि त्यावरून आरएनएची नक्कल निघते. हे विषाणू उलटी गंगा वाहवतात. आपल्या आरएनएवरून ते डीएनए तयार करतात आणि तो आपल्या पेशीच्या मूळ दप्तरात चिकटवून ठेवतात. या उलट्या चालीवरूनच त्यांना रेट्रोव्हायरस म्हणतात. दप्तरात एकदा शिरलेले पान सहजासहजी फाडून काढता येत नाही. म्हणून हा संसर्ग जन्मभर राहतो आणि वर्षानुवर्षे माणूस बाहेरून धडधाकट दिसतो. असा धडधाकट माणूस रक्तही देतो आणि संसारही करतो.

माणसात सापडलेला या कुळातला पहिला विषाणू एचटीएलव्ही. तो अमेरिकेत रॉबर्ट गॅलो यांच्या प्रयोगशाळेत १९८०च्या सुमारास ओळखला गेला. त्याआधीच जपानच्या क्यूशू बेटाकडच्या लोकांत एका विशिष्ट रक्तकर्करोगाचे प्रमाण फार असल्याचे १९७७मध्ये तिकडच्या डॉक्टरांच्या ध्यानात आले होते. विषाणू सापडल्यावर घरेच्या घरे तपासण्यात आली. आईच्या दुधातून मुलाकडे, नवऱ्याकडून बायकोकडे आणि दात्याच्या रक्तपेशींतून रुग्णाकडे, अशा तीन वाटा त्यातून स्पष्ट झाल्या. जपानने १९८६पासून दात्यांची तपासणी सुरू केली आणि १९८७पासून नागासाकीत बाधित मातांना अंगावर न पाजण्याचा सल्ला देण्यात येऊ लागला. रोगाची वाट कळली की ती अडविता येते, याचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडेल. आपल्या देशात एचटीएलव्हीचा प्रादुर्भाव कमीच आढळतो. आपल्या वाट्याला आला तो त्याचा चुलतभाऊ एचआयव्ही. तो १९८३मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत सापडला आणि १९८५पासून त्याची रक्तचाचणी उपलब्ध झाली.

भारतात तो प्रथम ओळखला गेला १९८६ साली मद्रासमध्ये. डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांनी हे काम केले. डॉ. सुनीती माहेरच्या गायतोंडे, म्हणजे मद्रासेत स्थायिक झालेल्या मराठी घराण्यातल्या. आमच्या विद्यार्थिनींनी हे नाव जरूर लक्षात ठेवावे. हा रोग आपल्याकडे नाहीच, असे भल्या भल्या जाणकारांना वाटत होते, तेव्हा या दोन स्त्रियांनी तपासून पाहण्याची चिकाटी दाखविली.

यानंतर आली ती गोव्याची हकीकत. ती जरा विस्ताराने सांगितली पाहिजे.

डॉमिनिक डिसोझा हा गोव्यातील तरुण वन्यजीव संरक्षणाच्या संस्थेत काम करी, नाटकाची आवड बाळगी आणि नियमाने रक्तदान करी. त्याने दिलेल्या रक्ताच्या तपासणीत एचआयव्हीचा दोष आढळला. १९८९च्या फेब्रुवारीत पोलीस त्याच्या दारी आले. त्याला काय झाले आहे हे त्याला कोणी नीट सांगितलेही नव्हते. म्हापशाच्या रुग्णालयात नेल्यावर तिथल्या नोंदीतून त्याला ते कळले. तेथून त्याला क्षयरोग्यांसाठी बांधलेल्या एका जुन्या इमारतीत पहाऱ्यात ठेवण्यात आले. गोव्याच्या तेव्हाच्या आरोग्य कायद्यात अशा माणसाला वेगळे ठेवण्याची तरतूद होती. चौसष्ट दिवस तो त्या इमारतीत एकटा होता.

वाचकहो, या माणसाचा अपराध कोणता? दुसऱ्याचा जीव वाचावा म्हणून तो आपणहून रक्त द्यायला गेला, एवढाच. एचआयव्ही हा बोलण्याने, शेजारी बसण्याने, एका ताटात जेवण्याने लागत नाही हे शास्त्राला तेव्हाही ठाऊक होते. तरीही त्याला क्षयरोग्यासारखे, नव्हे कैद्यासारखे वागविले गेले.

त्याची आई लुसी डिसोझा स्वस्थ बसली नाही. तिने मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी खंडपीठात अर्ज केला. आनंद ग्रोव्हर यांनी वकीलपत्र घेतले. डॉमिनिकची सुटका झाली. मात्र डिसेंबर १९८९च्या निकालात न्यायालयाने वेगळे ठेवण्याचा सरकारचा अधिकार मान्यच केला. दरम्यान कायद्यात दुरुस्ती होऊन, वेगळे ठेवलेच पाहिजे ही सक्ती जाऊन ते सरकारच्या मर्जीवर सोपविले गेले होते. खटला एका अर्थी हरला, पण देशभर चर्चा झाली. डॉमिनिकने आपले तोंड लपविले नाही. तो उघडपणे बोलत राहिला आणि 'पॉझिटिव्ह पीपल' या संस्थेचा पाया त्याने घातला. १९९२च्या मे महिन्यात तो मुंबईत वारला. त्याच्या आयुष्यावरून सुचलेला 'माय ब्रदर निखिल' हा चित्रपट २००५ साली आला. पुष्कळांनी तो पाहिला असेल.

मुद्दा असा की, दात्याला असे वागविल्याचा परिणाम त्या एकट्यावर होत नाही. ती बातमी ऐकून दहा दाते घरी बसतात. त्याहून वाईट म्हणजे ज्याला स्वतःविषयी शंका आहे तो गप्प राहायला शिकतो, बायकोलाही सांगत नाही, डॉक्टरलाही सांगत नाही. आणि हा विषाणू पसरतो तो नेमका अशा गप्प घरांतून.

इकडे बाजार चालूच होता. १९८९मध्ये रक्ताची एचआयव्ही तपासणी नियमाने सक्तीची झाली, परंतु नियम कागदावर राहिला. १९९०च्या एका सरकारी पाहणीत देशातल्या हजारावर रक्तपेढ्यांपैकी सहाशेहून अधिक विनापरवाना असल्याचे दिसून आले. 'कॉमन कॉज' या संस्थेने हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला. ४ जानेवारी १९९६ रोजी न्यायालयाने रक्तपेढ्यांना परवाना अनिवार्य करण्याचा, राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषद नेमण्याचा आणि धंदेवाईक दाते दोन वर्षांत बंद करण्याचा आदेश दिला. १ जानेवारी १९९८पासून भारतात रक्त विकणे बंद झाले. येथे एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. रक्ताची किंमत घेण्यास मनाई करणारी हदीस आपल्यापैकी अनेकांना माहीत आहे. काही विद्वान तिचा संबंध शिंगी लावणाऱ्याच्या मजुरीशी जोडतात, तो वाद उलेमांनी पाहावा. पण निकडीच्या वेळी रक्त देणे जायज आणि त्याचा सौदा नाजायज, या त्यांच्या सर्वसाधारण मताशी देशाचा कायदाही येऊन मिळाला आहे, एवढे खरे.

आणखी एक खटला कुटुंबांनी जाणून घेण्यासारखा आहे. १९९५मध्ये एक गृहस्थ नातेवाईकाच्या शस्त्रक्रियेसाठी मद्रासला गेले आणि तिथे त्यांनी रक्त दिले. तपासणीत एचआयव्ही आढळला. ती गोष्ट रुग्णालयातून बाहेर गेली, ठरलेले लग्न मोडले आणि त्यांना गाव सोडावे लागले. गुप्तता मोडली म्हणून ते न्यायालयात गेले. १९९८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की ज्या मुलीशी लग्न ठरले आहे तिच्या जिवाचा प्रश्न असताना गुप्ततेचा आग्रह धरता येणार नाही. पुढे जाऊन अशा माणसाच्या विवाहाच्या हक्काविरुद्धही न्यायालयाने मत दिले. ते मत मात्र २००२मध्ये मागे घेतले गेले. आमच्या मते दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्या मुलीला सत्य कळायलाच हवे होते आणि गावाला कळण्याचे काहीही कारण नव्हते. निकाह ठरविताना जहेज, नोकरी, घराणे यांची चौकशी करणारे आपण दोन्ही बाजूंची रक्तचाचणी समजुतीने, गुपचूप करून घेऊ शकत नाही काय? त्याच थेंबभर रक्तात थॅलेसेमियाचीही तपासणी होते. दोन्ही बाजू त्याच्या वाहक असल्या तर प्रत्येक गर्भाला तो आजार होण्याचा धोका चारात एक असतो. चुलत, मामे नात्यांत लग्ने होणाऱ्या घरांनी तर हे टाळूच नये.

थॅलेसेमियाचे नाव निघाले म्हणून आता आपल्या घराजवळ येऊ. भंडारा, गोंदिया, नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली हा पट्टा सिकलसेल आजाराचा म्हणून ओळखला जातो. नागपूर भागातील सिकलसेलची नोंद शुक्ल आणि सोळंकी यांनी १९५८मध्येच केली होती. सिकलसेलच्या काही रुग्णांना मधूनमधून आणि थॅलेसेमियाच्या मुलांना दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागते. एक मूल वर्षभरात वीस-पंचवीस अनोळखी माणसांचे रक्त घेते. त्या प्रत्येक अनोळखी माणसाच्या खरेपणावर त्याचे आयुष्य टांगलेले असते. २०११मध्ये गुजरातेतील जुनागढ येथे थॅलेसेमियाची तेवीस मुले एचआयव्हीबाधित आढळली. २०२२च्या मे महिन्यात आपल्या शेजारी नागपुरात थॅलेसेमियाची चार मुले रक्त घेतल्यानंतर एचआयव्हीबाधित झाल्याचे उघडकीस आले. त्यातले एक दगावले.

तपासणी सक्तीची असताना हे होते कसे, असे तुम्ही विचाराल. कारण असे की विषाणू अंगात शिरल्यावर काही दिवस तो चाचणीला सापडत नाही. चांगल्या नेहमीच्या चाचणीलाही दोन-तीन आठवडे लागतात. न्यूक्लिक आम्लाची महागडी चाचणी तो काळ दहा-अकरा दिवसांवर आणते, पण ती सर्व रक्तपेढ्यांत होत नाही आणि तिच्यातही फट उरतेच. या फटीच्या काळात दिलेले रक्त कागदावर निर्दोष असते आणि अंगात मात्र विष घेऊन जाते. एचआयव्हीबाधित रक्ताची पिशवी चढली तर संसर्ग होण्याचा संभव शंभरात नव्वदाहून अधिक असतो. म्हणून शिबिरात सुईच्या आधी जो प्रश्नांचा कागद भरून घेतात, तीच खरी पहिली तपासणी समजा. परस्त्रीशी किंवा परपुरुषाशी संबंध, नशेची सुई, जत्रेत गोंदवून घेणे, जोडीदाराला एचआयव्ही असणे, कावीळ होऊन जाणे, हे प्रश्न चारित्र्याची परीक्षा घेण्यासाठी नसतात. आजीचे बोलणे इथे लागू पडते. कावीळ होऊन गेलेल्याने ती निःसंकोच सांगावी. घेणे न घेणे डॉक्टर ठरवितील. आणि फुकटात आपली एचआयव्ही तपासणी होईल या हेतूने कोणी शिबिराला जात असेल तर त्याने ते मुळीच करू नये. ती तपासणी सरकारी दवाखान्यांतल्या समुपदेशन केंद्रांत विनामूल्य आणि गुप्तपणे होते. १०९७ या क्रमांकावर फोन केला तरी माहिती मिळते.

घराचा विचार करताना आणखी दोन गोष्टी आमच्या समाजापुरत्या सांगतो. २००५ ते २००७ या काळात आफ्रिकेतील तीन मोठ्या पाहण्यांत खतना झालेल्या पुरुषांना स्त्रीकडून एचआयव्ही लागण्याचा धोका सुमारे साठ टक्क्यांनी कमी आढळला. ही बातमी आली तेव्हा काही ठिकाणी छाती फुगवून सांगितले गेले की आपल्याला हा रोग होतच नाही. हे धोकादायक अज्ञान आहे. साठ टक्के म्हणजे शंभर नव्हे, आणि त्या पुरुषाच्या बायकोला त्याने काही संरक्षण मिळत नाही. दुसरी गोष्ट हिजामाची. शिंगी लावण्याला आमची हरकत नाही, पण पाते प्रत्येक माणसाला नवे असले पाहिजे आणि ते आपल्या डोळ्यांदेखत पाकिटातून काढले गेले पाहिजे. खतना करणाऱ्याच्या आणि न्हाव्याच्या पात्यालाही तोच नियम.

ज्या घरात एचआयव्ही आलाच, तिथेही सारे संपले असे आता नाही. १ एप्रिल २००४पासून सरकारी केंद्रांत औषधे मोफत मिळू लागली. उपचार नसतील तर बाधित आईकडून बाळाला संसर्ग होण्याचा धोका शेकडा पंधरा ते पंचेचाळीस असतो. वेळेवर औषधे घेतली तर तो पाचाच्या खाली येतो. नियमित गोळ्या घेऊन ज्याच्या रक्तात विषाणू मोजण्याइतकाही उरत नाही, त्याच्याकडून जोडीदाराला शरीरसंबंधातून तो लागत नाही. रक्तदान मात्र त्याने करायचे नाही. आणि २०१७चा एचआयव्ही-एड्स कायदा सप्टेंबर २०१८पासून लागू झाल्यावर अशा माणसाला नोकरीवरून, शाळेतून, दवाखान्यातून हाकलणे किंवा त्याचे नाव फोडणे याला मनाई झाली आहे. डॉमिनिकला हा कायदा मिळाला नाही.

राहता राहिली आपल्या सर्वांच्या परिचयाची एक जागा. भंडाऱ्याला किंवा नागपूरला शस्त्रक्रिया ठरलेली असते, दवाखान्याच्या व्हरांड्यात तुमसर, पवनी, साकोलीहून आलेले पंधरा नातेवाईक उभे असतात, आणि डॉक्टर सांगतात की दोन पिशव्या रक्ताच्या बदल्यात दोन माणसे द्या. सगळ्यांच्या नजरा घरातल्या तरुण मुलांकडे वळतात. 'मामूजानसाठी एवढेही करणार नाहीस?' असे कोणीतरी बोलून जाते. अशा वेळी ज्या मुलाला स्वतःविषयी शंका असेल त्याने काय करावे? पंधरा माणसांदेखत तो खरे सांगू शकत नाही. तो गुपचूप जातो, कागदावर सगळीकडे 'नाही' लिहितो आणि रक्त देऊन येतो. ते रक्त त्याच्या मामूला नव्हे, तर एखाद्या थॅलेसेमियाच्या मुलाला चढण्याची शक्यता अधिक. म्हणून वडीलधाऱ्यांनी त्या व्हरांड्यात आधीच ठरवून ठेवावे की ज्याला जायचे तो जाईल, आणि आत जाऊन जो परत आला त्याला कोणी कारण विचारणार नाही. हिमोग्लोबिन कमी निघाले, वजन पंचेचाळीस किलोच्या खाली भरले, अशा साध्या कारणांनीही रोज कित्येकांना परत पाठवितात. तो मुलगा 'मला नको म्हणाले' एवढेच सांगेल. तेवढ्यावर थांबा, त्याला चहा पाजा आणि दुसऱ्या कोणाला आत पाठवा.